न पाहतां टंकलेखन

संध्याकाळचे दिवे लागले म्हणजे खारघरच्या उंच इमारतींतील घराघरांतून जे आवाज ऐकूं येतात, त्यांत एक आवाज असा आहे कीं, तो पूर्वी घरांत सहसा ऐकूं येत नसे. त्याची जागा कचेरींत असे. कळफलकावर पडणाऱ्या बोटांचा तो आवाज होय. दाराबाहेरून नुसता कान दिला तरी त्याचे दोन प्रकार सहज ओळखतां येतात. एका घरांतून तो अडखळत येतो. दोन टिचक्या, मग शांतता, मग पुन्हां एक टिचकी. दुसऱ्या घरांतून तो पावसाळ्यांतील पागोळ्यांसारखा अखंड व सारख्या अंतरानें येतो. पहिल्या घरांतील मनुष्य अक्षर शोधीत असतो. दुसऱ्या घरांतील मनुष्य केवळ आपल्या मजकुराचा विचार करीत असतो. ह्या दोहोंमधील अंतर कशामुळें पडतें, आणि तें तोडण्याच्या कामीं संगणकावरील शैक्षणिक आज्ञावल्या, म्हणजे ज्यांस सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात त्या, कितपत साहाय्य करूं शकतात, हें समजून घेणें सुशिक्षित कुटुंबांस अगत्याचें झालें आहे.

हा प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. महाराष्ट्र शासनाच्या सेवेंत लिपिक-टंकलेखक म्हणून प्रवेश मिळविण्यास मराठी टंकलेखनाची मिनिटास ३० शब्दांची, अथवा इंग्रजी टंकलेखनाची मिनिटास ४० शब्दांची गति असल्याचें प्रमाणपत्र लागतें. अशा प्रमाणपत्रांसाठीं पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद परीक्षा घेते. आणि ही परीक्षा आतां जुन्या टंकयंत्रावरून उठून संगणकावर आली आहे. गांवोगांवच्या टंकलेखन-संस्थांतील तो ओळखीचा खडखडाट बंद पडला, परंतु परीक्षेची अट गेली नाहीं. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासांत दोन-तीन वर्षें घालविलेल्या एखाद्या मुलीची सारी तयारी बोटें अडखळल्यामुळें वायां जावी, ही गोष्ट लहान नव्हे. शिवाय ज्यांना अशी नोकरी करावयाची नाहीं, त्यांनाही पत्र, अर्ज, निबंध, हिशोब हें सर्व याच कळांवरून लिहावें लागतें. पूर्वी ज्याचें हस्ताक्षर वाईट त्याला जन्मभर ऐकून घ्यावें लागे; आज ज्याची बोटें अडाणी त्याचा जन्मभर वेळ जातो.

प्रथम थोडा हिशोब पाहूं. इंग्रजी टंकलेखनांत पांच वेळां कळ दाबणें म्हणजे एक शब्द, असें मोजमाप रूढ आहे. दोन शब्दांमधील मोकळ्या जागेची कळही त्यांत धरतात. ह्या मापानें मिनिटास ३० शब्द म्हणजे दीडशे कळा, अर्थात् सेकंदास अडीच कळा झाल्या. प्रत्येक कळ डोळ्यांनीं शोधावयाची, मग पडद्याकडे पाहावयाचें, मग समोरच्या मजकुरांतील हरवलेली ओळ पुन्हां धुंडावयाची, इतका खटाटोप सेकंदाच्या त्या अडीचाव्या हिश्शांत कसा बसावा? मनुष्य कितीही चपळ असो, ह्या ठिकाणीं त्याची बोटें नव्हे तर त्याचे डोळे थकतात. म्हणूनच टंकलेखन शिकणें याचा खरा अर्थ बोटांना वेग देणें असा नसून डोळ्यांना मोकळीक देणें असा आहे.

ही गोष्ट जगाच्या ध्यानांत यावयास बराच काळ लागला. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरचे क्रिस्टोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांना १८६८ सालीं टंकयंत्राचें पेटंट मिळालें, आणि १८७४ मध्यें रेमिंग्टन कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. इंग्रजी अक्षरांची जी मांडणी आजही प्रत्येक कळफलकावर दिसते तिचा पाया त्याच वर्षांत घातला गेला. परंतु त्या काळचे बहुतेक लोक कळांकडे पाहून थोड्याच बोटांनीं काम उरकीत. १८८८ सालच्या जुलै महिन्यांत सिन्सिनाटी शहरीं दोन नामांकित टंकलेखकांची जाहीर चढाओढ झाली. त्यांतील फ्रँक मॅगरिन हा सॉल्ट लेक सिटीच्या न्यायालयांतील लघुलेखक होता. त्यानें कळांच्या जागा पाठ केलेल्या असून तो सर्व बोटांनीं, कळांकडे न पाहतां लिही. प्रतिस्पर्धी कळांकडे पाहून लिहिणारा होता. मॅगरिन निर्विवादपणें जिंकला, आणि ‘न पाहतां टंकलेखन’ ही पद्धति त्यानंतर सर्वमान्य होत गेली.

ह्या पद्धतीचें मर्म फार सोपें आहे. कळफलकावरील मधली ओळ हें बोटांचें घर. डाव्या हाताची चार व उजव्या हाताची चार बोटें ह्या ओळींतील ठराविक आठ कळांवर टेकलेलीं असावयाचीं. अंगठ्यांकडे मोकळ्या जागेची लांब कळ. इंग्रजी एफ् आणि जे या दोन कळांवर एक बारीक उंचवटा असतो. तो दोन्ही तर्जनींना चांचपून घर ओळखतां यावें म्हणून. प्रत्येक बोटास आपल्या घरच्या कळेबरोबरच वरच्या व खालच्या ओळींतील ठराविक कळा नेमून दिलेल्या असतात. बोटानें आपल्या कळेपर्यंत जावें, ती दाबावी, आणि घरीं परत यावें. शेजाऱ्याच्या कळेवर हक्क सांगूं नये. बोटांनीं एवढी शिस्त पाळली कीं डोळ्यांचें काम उरत नाहीं. पेटी वाजविणारा पट्ट्यांकडे पाहत बसत नाहीं. विणकाम करणारी गृहिणी गप्पा मारतां मारतां टांका घालते. त्यांतलाच हा प्रकार आहे.

हाताचें हें ज्ञान डोक्यांतील ज्ञानाहून निराळें असतें, याचा एक मौजेचा पुरावा आहे. अमेरिकेंतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनीं सरावलेल्या टंकलेखकांपुढें कोऱ्या कळफलकाचें चित्र ठेवलें, व ८० सेकंदांत त्यांत सर्व अक्षरें भरण्यास सांगितलें. २०१३–१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांत २६ पैकीं सरासरी १५ अक्षरेंच लोकांना बरोबर भरतां आलीं. जीं बोटें मिनिटास सत्तर शब्द लिहीत होतीं, त्यांच्याच मालकाला कोणतें अक्षर कोठें आहे हें सांगतां येईना! यावरून शिकणाऱ्यानें एक बोध घ्यावा. कळफलकाचा तक्ता भिंतीवर लावून तो घोकण्यानें फारसें साधत नाहीं. ज्ञान बोटांत उतरावें लागतें, आणि बोटांत तें केवळ आवृत्तीनें, म्हणजे पुनःपुन्हां गिरविण्यानेंच उतरतें.

इंग्रजीचें हें असें झालें. परंतु मराठी कुटुंबांपुढें येणारा प्रश्न याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण देवनागरी लिपींत कान्यामात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरें यांचा संसार मोठा. जुन्या देवनागरी टंकयंत्राच्या सुमारें ९० खुणांत ही सारी लिपि कोंबावयाची होती. म्हणून तेथें अक्षरांचे तुकडे करावे लागले. कित्येक व्यंजनें उमटवावयाचीं तर आधीं अर्धें अक्षर आणि मग काना. ‘कि’ लिहावयाचें तर वेलांटी आधीं आणि ‘क’ मागाहून. म्हणजे हात डोळ्यांना दिसणाऱ्या आकृतीच्या क्रमानें चाले, कानांना ऐकूं येणाऱ्या ध्वनीच्या क्रमानें नव्हे. ही मांडणी ज्यांच्या हातांत बसली आहे ते आजही संगणकावर तीच वापरतात, व त्यांनीं ती सोडण्याचें कांहीं कारण नाहीं.

संगणक आल्यावर ही अडचण उरली नाहीं, कारण अक्षराचें रूप घडविण्याचें काम यंत्र स्वतः करूं लागलें. ह्या कार्यांत कानपूरच्या आय.आय.टी. मधील मोहन तांबे व त्यांचे सहकारी यांनीं मोठा वांटा उचलला. आणि तेंच काम पुढें पुण्यास १९८८ सालीं स्थापन झालेल्या प्रगत संगणन विकास केंद्रांत, म्हणजे सी-डॅकमध्यें, वाढीस लागलें. सर्व भारतीय लिपींस एकच कळफलक असावा ह्या विचारांतून ‘इनस्क्रिप्ट’ ही मांडणी सिद्ध झाली, आणि भारतीय मानक ब्यूरोनें १९९१ सालीं तिला मान्यता दिली. ह्या सी-डॅकची एक शाखा खारघर रेल्वे स्थानकासमोरच आहे. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेचें सी-डॅकमध्यें विलीनीकरण होऊन ती झाली. ह्याच संस्थेंत मराठी कवि व अक्षररचनाकार रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं भारतीय लिपींच्या संगणकीय अक्षरांवर काम केलें. लक्षावधि संगणकांवर मराठी मजकूर ज्या ‘मंगल’ अक्षरसंचांत वाचला गेला तो त्यांचाच. २००८ सालीं ते निवर्तले. स्थानकावरून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या शेंकडों लोकांच्या संगणकांतील मराठीचा कांहीं भाग आपल्या गांवच्या अंगणांत घडला आहे, याची जाणीव फार थोड्यांना असेल.

इनस्क्रिप्ट मांडणीकडे प्रथम पाहणारा घाबरतो. परंतु तिच्यांत बाराखडीचाच तर्क आहे हें कळलें कीं भीति पळते. डाव्या हाताकडे स्वर व त्यांच्या मात्रा. उजव्या हाताकडे बहुतेक व्यंजनें. म, न, व हीं मात्र डाव्या हाताच्या खालच्या ओळींत आहेत. मात्रेच्या कळेबरोबर शिफ्टची कळ दाबली कीं तोच पूर्ण स्वर उमटतो. कान्याचा ‘आ’ होतो, पहिल्या वेलांटीची ‘इ’ होते. व्यंजनाबरोबर शिफ्ट दाबली कीं त्याचा जोडीदार येतो. ‘क’चा ‘ख’, ‘त’चा ‘थ’, ‘च’चा ‘छ’, ‘ट’चा ‘ठ’, ‘प’चा ‘फ’. आणि मौज अशी कीं, मधल्या ओळींतील प्रत्येक कठोर व्यंजनाच्या डोक्यावर, वरच्या ओळींत, त्याच वर्गांतील मृदु व्यंजन बसविलेलें आहे. ‘क’वर ‘ग’, ‘त’वर ‘द’, ‘च’वर ‘ज’, ‘ट’वर ‘ड’, ‘प’वर ‘ब’. ‘ल’च्या कळेवर शिफ्टनें मराठीचा लाडका ‘ळ’ मिळतो. ज्याला लहानपणीं मुळाक्षरें वर्गवारीनें पाठ करविलीं गेलीं आहेत, त्याला हा अर्धा कळफलक न शिकतांच येतो असें म्हटलें तरी चालेल.

आतां एक-दोन शब्द प्रत्यक्ष घेऊं. ‘पनवेल’ हा शब्द पांच कळांत, शिफ्टला हात न लावतां लिहून होतो. प, न, व, मात्रा, ल. ‘खारघर’ या शब्दासही पांचच कळा लागतात. ‘ख’ व ‘घ’ या दोहोंस तेवढी शिफ्टची जोड द्यावी लागते. जसा उच्चार तसा क्रम, वेलांटीही व्यंजनानंतर. जोडाक्षर करावयाचें तर मध्यें पाय मोडण्याची खूण घालावयाची, व ती तर घरच्या ओळींतच, डाव्या हाताच्या मधल्या बोटाखालीं आहे. केवळ मधल्या ओळीवरून बोट न हलवितां, फार तर शेजारच्या कळेकडे सरकवून, किती शब्द लिहितां येतात पाहा: पोपट, कोपर, चोर, पुरे, पत्र, कुत्रे, चित्रपट. पहिल्या आठवड्यांतील मुलाला निरर्थक अक्षरांच्या माळा ओढावयास लावण्यापेक्षां हे शब्द दिले, तर त्याला आपण मराठी लिहीत आहों असें वाटूं लागतें. आणि असें वाटणें हें अर्धें शिक्षण आहे.

ह्या शिक्षणांत सॉफ्टवेअर काय करतें? पडद्यावर एक ओळ दाखवितें. कोणती कळ कोणत्या बोटानें दाबावयाची हें हाताच्या चित्रावरून सुचवितें. चूक झाली कीं तत्काळ खूण करितें. आणि पाठ संपल्यावर गति किती, अचूकता किती, कोणतें अक्षर वारंवार चुकतें, याचा ताळा मांडून देतें. चांगल्या आज्ञावल्या याहून पुढें जाऊन चुकणाऱ्या अक्षरांचेच अधिक पाठ देतात. पूर्वी संस्थेंत तीस विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक असे. कागद तपासून चुका दाखवीपर्यंत ती चूक बोटांत मुरलेली असे. सॉफ्टवेअर चूक घडतां क्षणींच दाखवितें, कंटाळत नाहीं, रागावत नाहीं, आणि रात्रीं दहा वाजतांही वर्ग भरवितें. ह्या बाबतींत तें कोणत्याही मनुष्य-शिक्षकाच्या वरचढ आहे, हें मोकळेपणानें मान्य केलें पाहिजे.

अशा आज्ञावल्यांत जगभर गाजलेली एक म्हणजे १९८७ सालीं अमेरिकेंत निघालेली ‘मेव्हिस बीकन’. तिच्या वेष्टनावरील हसतमुख बाईचें चित्र पाहून हजारों लोकांना ती कोणी खरोखरची शिक्षिका वाटली. वास्तविक ह्या नांवाची शिक्षिका कधीं नव्हतीच. नांव कल्पित होतें, व चित्र एका दुसऱ्याच स्त्रीचें होतें. विनामूल्य मिळणाऱ्यांपैकीं ‘टक्स टायपिंग’ लहान मुलांसाठीं आहे. त्यांत वरून अक्षरें घेऊन मासे पडतात, व तें अक्षर वेळेंत दाबलें तर पेंग्विन पक्षी तो मासा गट्ट करतो. ‘जी-कॉम्प्री’ या बालशिक्षणाच्या संचांतही कळफलकाचे खेळ आहेत. ‘के-टच’ ही मोठ्यांसाठीं असून तींत स्वतःचे पाठ रचण्याचीही सोय आहे. ह्यांतील कोणतीही घेतली तरी मूळ तत्त्व एकच.

परंतु येथेंच एका गोष्टीचा विचार करावयास हवा, कारण बहुतेक घरांत शिक्षण फसतें तें येथेंच. सॉफ्टवेअरला कोणती कळ दाबली गेली एवढेंच कळतें; ती कोणत्या बोटानें दाबली गेली हें त्याला कळत नाहीं, आणि त्या वेळीं डोळे कोठें होते हें तर मुळींच कळत नाहीं. मुलानें कळफलकाकडे मान घालून, दोन तर्जनींनीं टोंचे मारीत पाठ पुरा केला, तरी अक्षरें बरोबर असल्यास यंत्र त्याला पैकीच्या पैकीं गुण देतें व वर शाबासकी देतें. असा विद्यार्थी प्रथम वेगानें पुढें जातो. शिस्तीनें शिकणाऱ्या भावंडाला मागें टाकतो. मग एका ठराविक गतीला येऊन तो थबकतो आणि कांहीं केल्या पुढें सरकत नाहीं. तोंवर वाईट संवय हाडींमांसीं खिळलेली असते. नवीन संवय लावणें सोपें, जुनी मोडणें कठीण. शिक्षणांतील हा अनुभव येथेंही तितकाच खरा आहे.

तेव्हां जें यंत्राला दिसत नाहीं तें घरांतील कोणी तरी पाहिलें पाहिजे. त्यासाठीं टंकलेखन येणें आवश्यक नाहीं. आजोबांनीं वर्तमानपत्र घेऊन शेजारीं बसावें, आणि नातवाची नजर खालीं गेली कीं एक खांकरा द्यावा, एवढें पुरें. कोणी नसेल तेव्हां एक हलका पंचा किंवा रुमाल दोन्ही हातांवर व कळफलकावर टाकावा. सुरुवातीला गति निम्म्यानें उतरते, मूल चिडतें, रडकुंडीसही येतें. त्या दिवसांत गतीचा आंकडा पाहूंच नये. आज किती वेळ न पाहतां लिहिलें, एवढेंच विचारावें.

गतीच्या आंकड्याबद्दल आणखी एक सूचना अवश्य आहे. पाठाच्या शेवटीं पडद्यावर झळकणारी संख्या मोठी मोहक असते, आणि ती वाढविण्याच्या नादानें मुलें घाई करतात. परंतु एक चूक म्हणजे तीन कळांचा खर्च: एक चुकीची, एक ती पुसण्याची, एक पुन्हां बरोबर लिहिण्याची, त्यांत लय मोडते तें वेगळेंच. शंभर कळांत दहा चुका करणारा जलद लिहितो असें दिसतें, परंतु तो तिसरी वाट आडवळणानें चालत असतो. म्हणून सॉफ्टवेअरच्या ताळ्यांतील दोन संख्यांपैकीं अचूकतेची संख्या आधीं वाचावी. ती शंभरांत पंच्याण्णवांच्या वर स्थिर होईपर्यंत पुढच्या पाठास हात घालूं नये. गति ही अचूकतेच्या मागून आपण होऊन येते.

शिकणाऱ्याला निराश करणारा दुसरा प्रसंग म्हणजे प्रगति एकाएकीं थांबणें. विल्यम बुक या मानसशास्त्रज्ञानें अमेरिकेंतील मॉन्टाना येथें टंकलेखन शिकणाऱ्यांचें बारकाईनें निरीक्षण करून १९०८ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. त्याआधीं ब्रायन आणि हार्टर ह्या दोघांनीं तारायंत्र शिकणाऱ्यांबद्दल असेंच काम केलें होतें. शिकण्याची रेषा जिन्यासारखी एकसारखी चढत नसून घाटरस्त्यासारखी असते. मध्यें मध्यें लांब सपाटी येते, असें अशा निरीक्षणांतून दिसून आलें. ब्रायन व हार्टर यांचें म्हणणें असें होतें कीं, ह्या सपाटीवर मन आंतल्या आंत अक्षरांचे शब्द आणि शब्दांचीं वाक्यें बांधीत असतें. एक एक अक्षर टिपणारा कान सबंध शब्द एका झटक्यांत टिपण्यास शिकत असतो. खारघरच्या टेंकड्यांवर चालून जाणाऱ्यांना सपाटी लागल्यावर कांहीं अंतर चढल्याचा भास होत नाहीं, तरी पाऊल पुढेंच पडत असतें. तसेंच हें होय. ह्या सपाटीवर विद्यार्थी ‘मला हें जमणार नाहीं’ म्हणून सोडून देतात. त्यांना तेवढे पंधरा दिवस धीर देणारें माणूस घरांत असावें लागतें.

किती वेळ बसावें, या प्रश्नास तर अनुभवानें तपासलेलें उत्तर आहे. इंग्लंडच्या टपालखात्यांत पत्रें निवडण्याचीं नवीन यंत्रें आलीं तेव्हां टपालवाल्यांना टंकलेखन शिकविण्याची गरज पडली. बॅडली आणि लाँगमन या दोन संशोधकांनीं त्यांचे चार गट करून १९७८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक गट दिवसास एकच तास शिके. दुसऱ्या टोकाचा गट दोन-दोन तासांच्या दोन बैठकी, म्हणजे चार तास बसे. रोज एक तास बसणाऱ्यांना सुमारें ५५ तासांत जेवढें आलें, तेवढेंच येण्यास रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारें ८० तास लागले. आणि सर्वांत लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, शिकण्याच्या रीतीबद्दल सर्वांत कमी समाधान ह्या एक तासवाल्यांनाच होतें! दिवसामागें त्यांची प्रगति मंद दिसे, म्हणून आपण मागें पडलों असें त्यांना वाटे. ज्यांचें शिक्षण सर्वांत सकस झालें त्यांनाच तें सर्वांत निकृष्ट वाटलें. परीक्षा तोंडावर आल्यावर दिवसभर संस्थेंत ठाण मांडून बसणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मुलांना तर रोज अर्धा तास पुरे, मात्र रोज.

बसण्याची रीतही आधींच नीट लावावी. जेवणाचें टेबल लहान मुलास फार उंच पडतें. खांदे वर चढतात व मनगटें दुखतात. कोंपर व कळफलक साधारण एका पातळीवर येतील अशी गादी किंवा पाट खुर्चीवर ठेवावा, आणि पाय लोंबकळत ठेवूं नयेत, त्यांखालींही एखादी फळी द्यावी. मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवूं नये. पहिल्या आठवड्यांत मधली ओळ, दुसऱ्यांत वरची, तिसऱ्यांत खालची, चौथ्यांत शिफ्ट आणि जोडाक्षरें, असा क्रम धरल्यास महिन्याभरांत सर्व अक्षरांची ओळख होते; गति यावयास त्यापुढें दोन-तीन महिने द्यावेत. परीक्षेस बसणाऱ्यानें त्या परीक्षेच्या नियमांत कोणती मांडणी सांगितली आहे हें प्रथम पाहावें, व एकदां धरलेली मांडणी मध्येंच सोडूं नये.

शेवटीं एका आक्षेपाचें उत्तर देणें प्राप्त आहे. पुष्कळ लोक विचारतात कीं, रोमन अक्षरांत शब्द लिहिला कीं यंत्र त्याचें मराठी करून देतें. मग हा निराळा कळफलक शिकण्याचा खटाटोप कशाला? ज्याला कधीं काळीं चार ओळी लिहावयाच्या असतील त्याला ती सोय पुरेशी आहे, आणि तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. परंतु ‘खारघर’ हा पांच कळांचा शब्द त्या रीतीनें आठ-नऊ अक्षरांचा होतो, आणि यंत्रानें पुढें केलेल्या शब्दांतून योग्य तो निवडण्यास डोळे पुन्हां कामाला लावावे लागतात. म्हणजे ज्या मोकळिकीसाठीं हा सारा अभ्यास, तीच हातची जाते. याहून मोठी हानि मुलांची आहे. ‘ि’ आणि ‘ी’ यांना मराठी कळफलकावर दोन वेगळ्या कळा आहेत. ‘न’ व ‘ण’, ‘श’ व ‘ष’ यांचीही तीच गोष्ट. मराठी कळफलकावर लिहिणाऱ्या मुलाला प्रत्येक शब्दाला ऱ्हस्व कीं दीर्घ हें स्वतः ठरवावें लागतें. रोमन वाटेनें जाणाऱ्याचा तो निर्णय यंत्र परस्पर घेऊन टाकतें. इंग्रजी माध्यमांत शिकणाऱ्या व मराठी केवळ घरांत बोलणाऱ्या मुलांची संख्या खारघरसारख्या नव्या वसाहतींत मोठी आहे. त्यांच्या बोटांना जर मराठी अक्षरांची वाटच ठाऊक नसली, तर आजीला चार ओळींचें पत्र लिहितांनाही त्यांची मातृभाषा परक्या लिपीच्या दारांतूनच आंत येईल.

ह्या विद्येस पैसा थोडा लागतो. संगणक बहुतेक घरीं आहे, आज्ञावल्या पुष्कळशा विनामूल्य आहेत, आणि मराठी कळफलक संगणकाच्या प्रणालींतच असतो, तो फक्त सुरू करून घ्यावा लागतो. लागतो तो रोजचा अर्धा तास, हातांवर टाकावयास एक रुमाल, आणि नजर खालीं गेली कीं खांकरणारें एक माणूस. पहिल्या दिवशीं ‘पोपट’ लिहावयास मिनिट लागलें तरी हरकत नाहीं. तो न पाहतां लिहिला म्हणजे झालें.